बाद हाय की न्हाय?

"यंदा आम्ही तळाला ऱ्हात न्हाय! आणि ऱ्हायलोच, तर मैदान तुमचं. लावा गाड्या!"

कॉलनीच्या मिटिंगमध्ये संयोगिता हे उभी राहून बोलली आणि आपण काय बोललो ते तिला खाली बसल्यावर कळलं. तोवर टाळ्या पडल्या होत्या. सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होता कॉलनीचा अध्यक्ष विजयसिंह. त्यानं नुकतीच एक गाडी घेतली होती, ट्रकची धाकटी बहीण शोभेल अशी. ती त्याच्या फाटकातनं आत जात नव्हती आणि रस्त्यावर ठेवली की घंटागाडी अडायची. कळंब्याच्या त्या कॉलनीत मोकळी जागा एकच, आणि तिथं संध्याकाळी डॉजबॉल चाले, जिल्ह्याच्या लीगमध्ये दरवर्षी तळाला राहणाऱ्या कॉलनीच्या संघाचा. त्या जागेवर विजयसिंहचा कधीचा डोळा होता. आता डॉजबॉलच्या कप्तानानंच ती भर सभेत देऊ केली होती!

बोलायला संयोगिता कुणाला ऐकायची नाही, कारण बोलणं हीच तिची नोकरी. एसटी स्टँडवर "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" म्हणणारा आवाज तिचा. माइक चालू असला की ती 'आहे', 'नाही', 'कृपया' असं धुऊन इस्त्री केलेलं मराठी बोलायची. माइक बंद केला की कोल्हापूरचं. दिवसभर लोकांना गाडी कुठं लागली ते सांगायचं आणि घरी आलं की नवऱ्याला मोजे कुठं, सासऱ्यांना चष्मा कुठं, पोरीला चार्जर कुठं ते सांगायचं. म्हणजे घरीसुद्धा चौकशी खिडकीच! यातनं सुटून संध्याकाळी तासभर ती मैदानावर जायची आणि समोरच्याच्या अंगावर जीव खाऊन चेंडू मारायची. त्या तासात तिला कुणी काही विचारत नसे. तो तास गेला तर आपण एक दिवस माइकवरनं साऱ्या स्टँडला शिव्या घालू, अशी तिला खात्री होती. आणि नेमका तोच तास ती पणाला लावून बसली होती.

डॉजबॉल तसा सोपा खेळ. मधे रेघ, दोन्हीकडं पाच-पाच गडी. चेंडू समोरच्याला फेकून मारायचा, लागला की तो बाद. ज्याचे गडी आधी संपले तो हरला. शाळेत ज्यासाठी मास्तर कान पिरगाळतात तेच. फक्त इथं टी-शर्ट मिळतो. खेळ सोपा, पण संघ महाअवघड!

संघाचं नाव 'कळंबा कडाका'. पहिला गडी आकाराम. पिठाच्या गिरणीचा मालक, तरुणपणी तालमीत घुमलेला, अंगानं असा की गिरणीच्या दारातनं आडवा होऊनच आत जायचा. 'डॉज' म्हणजे चुकवणे, हे त्याला कुणीतरी सांगितलं आणि तिथंच सगळं बिनसलं.

"चुकवायचं? मी?" सरावाच्या पहिल्याच दिवशी तो म्हणाला. "वैनी, आमच्या घराण्यात आजवर कुणी काय चुकवलेलं न्हाय!"

"आवं भावजी, खेळच त्यो हाय! चेंडू आला की बाजूला व्हायचं!"

"चेंडूला भिऊन बाजूला? उद्या तालमीत तोंड कसं दावू? येऊ दे की! छातीवर घेतो!"

आणि घ्यायचा! चेंडू सुटला की एक पाऊल पुढं टाकायचा, मांडीवर थाप मारायचा आणि छाती काढून उभा राहायचा. चेंडू धप्पकन बसला की म्हणायचा, "काय न्हाय ह्यात!" आणि मोठ्या समाधानानं बाद होऊन बाहेर येऊन बसायचा. हात मारून मारून संयोगिताच्या कपाळावर टिकली राहीनाशी झाली होती.

दुसरा जोतीराम, विमा एजंट. त्याला समोरच्या संघात गडी दिसतच नसत, गिऱ्हाइकं दिसत. "ह्याला कसं मारू वैनी? ह्याची पॉलिसी आता होत आलीया!" तिसरा दिलदारभाई टेलर. संघाचे टी-शर्ट त्यानं स्वतः शिवले होते, त्यामुळं ते अंगात असताना तो कुणाला हात वर करू देत नसे. "हळू, हळू! काखंत उसवंल!" राहता राहिली त्याची बायको नसरीन. खेळता येत होतं ते फक्त तिला. तिचा चेंडू सुटायचा तो दिसायचाच नाही, नुसता लागायचा. पण घरी नवऱ्याशी वाजलेलं असलं की तो हटकून दिलदारभाईच्या पाठीत लागायचा, आणि दोघांचं वाजलेलं नसेल असा दिवस शोधावा लागे.

पहिला सामना पन्हाळ्याशी. ती मंडळी गाडीतनं उतरताच आकारामनं त्यांना गाठलं. "या पावणं! च्या घेतला काय?"

शिट्टी झाली. चेंडू आकारामच्या हातात. आकाराम मारेना.

"भावजी, मारा की!"

"वैनी, पावण्यांवर पयला हात आपुन टाकायचा? बरं दिसतंय व्हय?"

पावण्यांना असली काही अडचण नव्हती. त्यांनी आकारामची छाती, जोतीरामचा व्हिजिटिंग कार्ड पुढं केलेला हात आणि दिलदारभाईची न उसवलेली काख असा क्रमानं निकाल लावला. सांगितलेला चहा टपरीवरनं यायच्या आत सामना संपला, आणि तो चहा पन्हाळेकरांनी घेतला.

त्याच संध्याकाळी विजयसिंह टेप घेऊन मैदान मोजताना दिसला.

"नुसतं मोजतोय वैनी! मोजायला काय हाय?"

दुसऱ्या सामन्यापासून लीगनं नवा पंच आणला. त्याचं नाव निरंजन. वाढलेला बंगळूरला, नोकरीला इथल्या एमआयडीसीत. मराठी आईकडनं शिकलेला, त्यामुळं बोलायचा पाठ्यपुस्तकासारखं. डॉजबॉलच्या पंचगिरीची परीक्षा पास झालेला तो या भागातला एकटाच, आणि त्यानं सगळे नियम लावायला सुरुवात केली. त्यातला एक नियम असा, की चेंडू डोक्याला किंवा तोंडाला लागला तर मार खाणारा बाद होत नाही. उलट मारणाराच बाद! आणि लागला कुठं, याबद्दल मार खाणाऱ्याचा शब्द शेवटचा. असा उंच लागलेला चेंडू म्हणजे इंग्रजीत 'हाय'. हे सगळं छापून प्रत्येक संघाला दिलं होतं. कळंब्याचा कागद दिलदारभाईकडं होता आणि त्यानं त्याच्या पाठीमागं गिऱ्हाइकाच्या पँटचं माप लिहून तो पँटबरोबर देऊन टाकला होता.

सामना गडहिंग्लजशी. पहिलाच चेंडू आकारामच्या पोटावर. पंचाच्या आणि त्याच्या मधे एक गडी होता, पंचाला नीट दिसलं नाही. तो धावत आला आणि आकारामला म्हणाला, "हाय?"

आता कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला कुणी 'हाय?' विचारलं तर तो काय समजणार? आहे का? बाद आहेस का? आकाराम खोटं बोलणारा नव्हता.

"हाय की!" त्यानं खड्या आवाजात सांगितलं आणि बाहेर निघाला. पंचानं त्याला दंडाला धरून परत आत आणलं आणि चेंडू मारणाऱ्या गडहिंग्लजकराला बाहेर काढलं!

कुणाला काही कळेना. तेवढ्यात दुसरा चेंडू दिलदारभाईच्या मांडीला. "हाय?" "हाय जी!" आणखी एक गडहिंग्लजकर बाहेर. मग जोतीराम. मग पुन्हा आकाराम. जो तो प्रामाणिकपणे बाद असल्याचं सांगत होता आणि समोरची माणसं कमी होत होती. बघता बघता कळंबा कडाका जिंकला, जन्मात पहिल्यांदा!

टपरीवर दिलदारभाईनं उलगडा केला. "मला समजलं! पंच खरं बोलणाऱ्याला माफ करतोय!"

"बाहेरच्या देशात असतंय तसं," जोतीराम म्हणाला. "ऑनेस्टीचा पॉइंट."

आकारामला भरून आलं. "असा माणूस आजकाल बगायला मिळत न्हाय." आणि दुसऱ्या दिवशी त्यानं निरंजनच्या खोलीवर डबाभर ज्वारीचं पीठ पोचतं केलं. भाकरी थापता येत नसतानाही त्या बिचाऱ्यानं ते ठेवून घेतलं.

संयोगिताला यात काहीतरी खटकत होतं. पण जिंकायची सवय नसलेल्या माणसानं पहिल्याच विजयाला आडवे प्रश्न कशाला विचारायचे? विजयसिंह वाटेत भेटला तेव्हा ती मुद्दाम म्हणाली, "काय दादा, टेप कुटं हाय?" आणि दिवसभर त्याच आनंदात राहिली.

तिसरा सामना शिरोळशी, आणि त्यात प्रामाणिकपणाचा नुसता पूर आला. चेंडू लागायच्या आधीच लोक 'हाय! हाय!' म्हणू लागले. नसरीनच्या कोपराला लागला, हाय. दिलदारभाईच्या गुडघ्याला लागला, हाय. संयोगिताच्या घोट्याला लागला, तीही म्हणाली, "हाय!" निरंजन चक्रावून गेला, पण खेळाडूचा शब्द शेवटचा. शिरोळचा कप्तान मात्र पंचाच्या अंगावर धावून आला.

"आवं, ह्यांची डोकी हायती तरी कुटं? गुडघ्यात?"

कळंबा जिंकला आणि तक्रार झाली. लीगच्या कमिटीनं संयोगिताला आणि निरंजनला बोलावून घेतलं. कमिटीचे प्रमुख होते पिराजीराव, एक निवृत्त फौजदार. त्यांनी चष्म्यावरनं तिच्याकडं बघितलं.

"बाई, तुमच्या माणसांना बसलेला प्रत्येक चेंडू डोक्यालाच कसा लागतो?"

"डोक्याला? कुणाच्या?"

"प्रत्येक वेळी तुमचा माणूस 'हाय' म्हणतोय की! हाय म्हणजे उंच. डोक्याला!"

संयोगितानं दोन्ही हात डोक्याला लावले.

"आवं साहेब, आमचं हाय म्हंजे आहे! हाय म्हंजे आहे ओ! 'बाद हाय' असं कबूल करत हुती ती माणसं!"

निरंजन कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे ते खरं बोलत होते आणि मी…"

"आणि पीठ?" पिराजीरावांनी विचारलं. "पंचाच्या घरी पीठ का गेलं?"

"प्रेमानं!"

पिराजीरावांच्या नोकरीत प्रेमानं कुणी पीठ दिलेलं दिसलं नसावं. त्यांनी दोन्ही विजय रद्द केले. आता हातकणंगल्याशी शेवटचा सामना उरला होता. हातकणंगल्यानंही अजून एकही सामना जिंकला नव्हता, म्हणजे त्या सामन्यात हरेल तो तळाला. निघताना निरंजननं तिची मनापासून माफी मागितली. "मी आता हे पक्कं लक्षात ठेवीन. हाय म्हणजे आहे. हाय म्हणजे आहे." असं घोकतच तो जिना उतरला.

गोष्ट इथं मिटली होती. पंचाला कोल्हापूरचं मराठी कळलं होतं, संघाला आहे तसं राहू दिलं असतं तरी चाललं असतं. पण संयोगिता चिडली होती, आणि चिडलेल्या माणसाला दुसऱ्याला सुधारल्याशिवाय चैन पडत नाही. तिनं संघाला मैदानावर ओळीनं उभं केलं.

"आजपासनं 'हाय' बंद! बाद झालात तर नीट म्हणायचं, 'आहे'. 'हाय' कधी म्हणायचं? चेंडू डोक्याला न्हायतर तोंडाला लागला तरच! जो चुकंल त्यानं कळंबा तलावाला फेरी मारायची! कळलं?"

"हाय," आकाराम म्हणाला.

"काय हाय?"

"कळलेलं हाय."

"फेरी मारा!"

त्या आठवड्यात आकारामनं इतक्या फेऱ्या मारल्या की तलावाकाठी फिरायला येणारी म्हातारी माणसं त्याला ओळखून वेळ विचारू लागली. पण भाषा सुधारली! जोतीराम पॉलिसी विकताना 'आहे' म्हणू लागला, लोकांना त्यात काहीतरी फसवणूक वाटू लागली आणि धंदा बसला. दिलदारभाई नसरीनला "जेवण तयार आहे का?" म्हणाला तेव्हा ती म्हणाली, "कुणाची भाषा बोलायलाय? कोण भेटली?" आणि सरावाला तो सगळा राग चेंडू होऊन त्याच्या पाठीत बसला.

एका सकाळी, संयोगिता कामावर निघायच्या घाईत असताना, आकारामची आई धोंडुबाई तिच्या दारात येऊन उभी राहिली. डोळ्याला पदर.

"बाई गं, काय केलंस माझ्या लेकाला?"

"का वं मावशी? काय झालं?"

"काल म्हणतोय कसा, 'आई, आमटी गरम आहे का?' मला वाटलं डोक्यात ताप गेला! गिरणीत गिऱ्हाइकाला म्हणला, 'दळण तयार आहे, कृपया घेऊन जावे.' माणूस दळण टाकून पळाला की गं!"

"मावशी, सामन्यापुरतं हाय. मग तुमचा तुमाला परत देतो."

"बग हां. एकुलता एक हाय."

शेवटच्या सामन्याला सगळी कॉलनी लोटली. विजयसिंहही आला होता आणि त्याच्या मांडीवर पांढऱ्या फक्कीची पिशवी होती, पार्किंगच्या रेघा मारायला.

"सहज आणलीया वैनी. वाटंत दुकान हुतं."

संयोगिताला ती पिशवी दिसली. उद्यापासून संध्याकाळ झाली की आपण कुठं जायचं? तिनं टी-शर्टच्या बाह्या वर सारल्या. दिलदारभाईनं ते बघितलं. त्यानंही सारल्या.

आणि काय सांगावं, त्या दिवशी संघ खेळला! हातकणंगलेकरांनी आधीच दुसऱ्या एजंटकडनं विमा उतरवलाय हे जोतीरामला नेमकं त्याच दिवशी समजलं होतं. त्यानं सुडानं चेंडू मारले. नसरीननं तर दोघांना असं टिपलं की आपण बाद झालो हे त्यांना बाहेरच्यांनी सांगावं लागलं. दिलदारभाई उडी मारताना काखेत टर्रकन उसवला आणि म्हणाला, "जाऊ द्या!" ते ऐकून संयोगिताच्या डोळ्यांत पाणी आलं. पण एकेक करून आपलेही गेले. ती स्वतः गुडघ्यावर बाद झाली, "आहे" असं स्वच्छ बोलली आणि बाहेर येऊन बसली.

शेवटी आत उरले दोघंच. इकडं आकाराम, तिकडं अझहर नावाचा एक शिडशिडीत पोरगा. चेंडू अझहरच्या हातात.

"भावजी, चुकवा!" संयोगिता किंचाळली. "एकदा तरी चुकवा!"

आकारामनं तिच्याकडं दुखावलेल्या नजरेनं बघितलं, एक पाऊल पुढं टाकलं, मांडीवर थाप मारली आणि छाती काढली. अझहरनं सगळं अंग झोकून चेंडू मारला. तो हातातनं जरा वर सुटला आणि छातीवरनं जाऊन थेट आकारामच्या नाकावर बसला. आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला.

तोंडाला! म्हणजे मारणारा बाद! म्हणजे जिंकलो! संयोगिता उड्या मारायला लागली. मैदान वाचलं, तास वाचला, मोजे-चष्मे-चार्जर गेले खड्ड्यात!

निरंजन धावत आला. चेंडू लागला त्या क्षणी त्याच्याकडं आकारामची पाठ होती. आणि 'हाय?' विचारण्याची चूक तो आता करणार नव्हता. तो शांतपणे म्हणाला, "बाद आहे का?"

आकारामच्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं, नाक वांग्यासारखं होत चाललं होतं. पण वैनीनं शिकवलेलं तो विसरला नव्हता. तोंडाला लागला तर काय म्हणायचं?

"हाय!" तो गर्जला.

निरंजनच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. त्याचाही अभ्यास झाला होता. "हाय म्हणजे आहे," तो म्हणाला. "बाद!"

"आवं न्हाय! हाय!"

"नाही की आहे?"

"आहे न्हाय ओ! हाय!"

"आहे, नाही, आहे… कृपया एक काहीतरी सांगा!"

"वैनीनं शिकवल्यालं हाय ते हाय!"

"शेवटी आहे म्हणालात. बाद!"

संयोगिताला राहवलं नाही. साऱ्या एसटी स्टँडला पुरणारा आवाज तिनं मोकळा सोडला. "हाय! हाय! हाय! हाय!" कॉलनीला वाटलं कप्तान साथ मागतेय. सगळे उठले. "हाय हाय! हाय हाय!" मागं एकजण होता, ज्याचं आयुष्य मोर्च्यांत गेलेलं. त्याला ताल ओळखीचा वाटला आणि त्यानं मूठ वर केली, "पंच कमिटी…"

"हाय हाय!"

"पिराजीराव…"

"हाय हाय!"

संयोगिता आता "तसं न्हवं ओ! हाय म्हंजे उंच!" असं ओरडत होती, पण तिचा आवाज पहिल्यांदाच कुणाला ऐकू जात नव्हता. पिराजीराव खुर्चीवरनं उठले. फौजदारकीत त्यांनी असले जमाव पुष्कळ बघितले होते. पंचाविरुद्ध घोषणाबाजी म्हणून त्यांनी कळंब्याला बाद ठरवलं आणि सामना हातकणंगल्याला दिला. विजयसिंहनं फक्कीच्या पिशवीची गाठ सोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर पांढऱ्या रेघा होत्या आणि बरोबर मधोमध ती गाडी. ते बघून संयोगिता कामावर गेली आणि माइकवर म्हणाली, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. पन्हाळा गाडी फलाटावर लागलेली हाय." सगळ्या स्टँडनं माना वर केल्या. तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा आणखी राग आला.

संध्याकाळी पाय आपोआप मैदानाकडं वळले. बाकीचेही आलेच होते. गाडी आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधे एक बोळ उरला होता. "हितंच खेळू की तेवढं," नसरीन म्हणाली. नाकाला पट्टी लावलेला आकाराम गाडीच्या पुढं जाऊन उभा राहिला.

"मारा वैनी. लै राग आला असंल. छातीवर मारा."

राग? सगळ्या सीझनचा राग, हाय आणि आहे, पीठ आणि पावणं, सगळं संयोगिताच्या हातात गोळा झालं. तिनं दात खाऊन चेंडू सोडला. आकारामनं पाऊल पुढं टाकलं, मांडीवर थाप मारली, आणि मग त्याच्या नाकाला कालची आठवण झाली. तो खाली बसला!

त्याच्या घराण्यात पहिल्यांदाच कुणीतरी काहीतरी चुकवलं होतं. चेंडू त्याच्या डोक्यावरनं गेला आणि गाडीच्या पुढच्या काचेवर धाडकन बसला. गाडी बोंबलायला लागली.

विजयसिंह बनियनवर पळत आला. त्यानं काचेवरनं हात फिरवला, इकडनं बघितलं, तिकडनं बघितलं. तडा नव्हता. पण त्याचा चेहरा उतरला होता.

"रोज असंच खेळणार काय तुमी?"

"रोज," नसरीन चेंडू हातात खेळवत म्हणाली. "आज तर ताईंनी मारलाय दादा. माझी पाळी अजून यायची हाय."

विजयसिंहनं नसरीनच्या हाताकडं बघितलं. मग काचेकडं बघितलं. मग गाडीत बसला आणि ती मैदानाबाहेर काढली. जाता जाता काच खाली करून ओरडला, "घंटागाडीवाल्याशी भांडीन, पण तुमच्या नादाला लागणार न्हाय! घाला मैदान डोस्क्यावर!"

संयोगिताला एवढा आनंद झाला की तिनं आकारामच्या पाठीत धपाटा घातला. हरून का होईना, तास परत मिळाला होता! "चला! रेघ मारा! संघ पाडा!"

"एक मिनिट वैनी," आकाराम म्हणाला. त्याला काहीतरी सुचत होतं. "चेंडू काचंला लागला. म्हंजे गाडीच्या तोंडाला."

"बरं मग?"

"तोंडाला लागला म्हंजे हाय. तुमीच शिकवलंय. मारणारा बाद."

"आवं, गाडी काय गडी हाय व्हय?"

"आपल्या मैदानात हुती की! व्हय का न्हाय रं?"

जोतीराम, दिलदारभाई आणि नसरीन, तिघांनी एकमेकांकडं बघितलं आणि एका सुरात विचारलं, "बाद हाय की न्हाय?"

संयोगितानं भांडायला तोंड उघडलं. पण नियम तिनंच घोकून घेतले होते, आणि तलावाच्या फेऱ्याही.

"हाय," ती म्हणाली आणि कंपाउंडच्या भिंतीवर जाऊन बसली. मधे रेघ पडली, खेळ सुरू झाला आणि आकाराम प्रत्येक चेंडू चुकवत सुटला. त्याला आता बाद कोण करणार? डाव काही संपेना.

तेवढ्यात घराच्या गॅलरीतनं पोरीची हाक आली. "आई! रिकामीच बसलीयस न्हवं? चार्जर कुठाय गं?"

संयोगितानं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. "टीव्हीच्या मागं हाय!" ती म्हणाली.